न झालेल्या मार्गाचा ताळेबंद

२०१८ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत भरलेल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या परिषदेत राज्य शासनाने व्हर्जिन हायपरलूप वन या अमेरिकन कंपनीशी एक करार केला. मुंबई आणि पुणे यांमधील अंतर पंचवीस मिनिटांवर आणणारा, चाकांवाचून चुंबकाच्या बळावर अधांतरी धावणाऱ्या वाहनांचा मार्ग उभारण्याविषयीचा तो करार होता, आणि त्याचे वर्तमान पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपासून मावळातल्या भातखाचरांपर्यंत सर्वत्र सारख्याच कुतूहलाने वाचले गेले. पुढील वर्षी, २०१९ च्या जुलैअखेरीस, मंत्रिमंडळाने या योजनेला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. वांद्रे-कुर्ला संकुलापासून वाकडपर्यंत ११७.५ किलोमीटरची लांबी, सुमारे ७० हजार कोटी रुपयांचा अंदाजी खर्च, आणि त्याआधी पाच हजार कोटींच्या खर्चाने गहुंजे ते उर्से या पट्ट्यात ११.८ किलोमीटरचा चाचणीमार्ग, असा त्या मंजुरीचा तपशील होता. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे अंमलबजावणी सोपविण्यात आली. दुबईची डीपी वर्ल्ड ही कंपनी भांडवलात भागीदार होती.

यांपैकी काहीच झाले नाही. २०२० च्या जानेवारीत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हा प्रयोग आधी जगात अन्यत्र यशस्वी होऊ द्यावा अशी भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेवाडाच्या वाळवंटातील पाचशे मीटरच्या नळीत या कंपनीने प्रथमच माणसे बसवून ताशी १७२ किलोमीटरचा वेग गाठला, आणि त्या दिवशी बसलेल्या प्रवाशांत पुण्याचा एक अभियंता, तनय मांजरेकर, हाही होता. परंतु २०२२ च्या प्रारंभी कंपनीने प्रवासी वाहतुकीचा नाद सोडून मालवाहतुकीकडे मोहरा वळविला, आणि २०२३ च्या अखेरच्या दिवशी तिने आपला गाशा गुंडाळला. गहुंज्याच्या शिवारात एक खांबही उभा राहिला नाही.

जो मार्ग झालाच नाही त्याच्या पर्यावरणीय परिणामांची चिकित्सा आज करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, अशा योजना एका कंपनीबरोबर संपत नाहीत. मुंबई-पुणे-हैदराबाद हा ७११ किलोमीटरचा अतिजलद रेल्वेमार्ग कागदावर आहेच. मद्रासच्या आयआयटीने आपल्या आवारात चारशे मीटरहून थोडी अधिक लांबीची हायपरलूपची प्रायोगिक नळी उभारली आहे. आणि यांतील जी योजना मुंबई व पुणे यांना जोडण्यास येईल तिला याच घाटातून, याच पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यांतून आणि याच गावांच्या सातबाऱ्यांवरून यावे लागेल. शिवाय पहिल्या प्रस्तावाच्या वेळी प्रदूषणमुक्तीचा जो डंका वाजला, त्यामागील हिशेब कोणत्याही ग्रामसभेपुढे उलगडून ठेवला गेला नाही. तो हिशेब निदान स्थूलमानाने मांडून पाहणे अशक्य नाही.

आधी या वाहनाची रीत समजून घ्यावी, कारण परिणामांचे मूळ तिच्यात आहे. चुंबकीय उत्थापनाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जर्मनीत विकसित झालेल्या ट्रान्सरॅपिड पद्धतीत गाडीच्या बुडाशी असलेले विद्युतचुंबक मार्गाच्या खालच्या बाजूस वळून वर ओढले जातात. गाडी आणि मार्ग यांत जेमतेम दहा मिलिमीटरची फट राहते, आणि ती फट स्थिर राखण्यासाठी चुंबकांतील प्रवाह क्षणोक्षणी कमीजास्त करावा लागतो. शांघायच्या पुदोंग विमानतळापासून शहराकडे जाणारा तीस किलोमीटरचा मार्ग याच पद्धतीचा असून, तेथे गाडीने ताशी ४३० किलोमीटरचा वेग प्रवाशांसह गाठला आहे. जपानी पद्धत याहून निराळी. तिच्यात निओबियम-टायटॅनियमची वेटोळी द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंशांपर्यंत थंड करून अतिसंवाहक केली जातात, आणि गाडीने ताशी सुमारे दीडशे किलोमीटरचा वेग घेतला की ती चाके आत ओढून घेऊन दहा सेंटिमीटर उंच तरंगू लागते. २०१५ च्या एप्रिलमध्ये या गाडीने ताशी ६०३ किलोमीटरचा उच्चांक केला. दोन्ही पद्धतींत गाडीला पुढे लोटणारे इंजिन गाडीत नसते. मोटरीचा स्थिर भाग जणू उलगडून मार्गाच्या संपूर्ण लांबीवर अंथरलेला असतो, आणि म्हणून तांबे, पोलाद आणि शक्तिनियंत्रक यंत्रसामग्री यांचा साठा किलोमीटरागणिक जमिनीवर ओतावा लागतो.

चाकांचे घर्षण गेले म्हणजे ऊर्जेची मोठी बचत होत असणार, असा सामान्य समज असतो. वस्तुतः जलद गाडीचा खरा शत्रू रूळ नसून हवा आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, तितक्याच अंतराला चौपट ऊर्जा लागते, आणि काळ निम्मा झाल्यामुळे शक्ती आठपट पुरवावी लागते. जपानच्या गाडीस सपाटीवर ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाताना सुमारे ३५ हजार किलोवॉट लागतात, असा तेथील शासकीय अंदाज आहे. हायपरलूपची कल्पना या अडचणीतूनच जन्मली: मार्ग पोलादी नळीत घालावा, नळीतली हवा पंपांनी जवळजवळ पूर्ण उपसून टाकावी, आणि मग चुंबकावर तरंगणारी कुपी विमानाच्या वेगाने जाऊ द्यावी. युक्ती तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही.

परंतु मुंबई-पुण्याच्या बाबतीत एक साधे त्रैराशिक करून पाहावे. ११७.५ किलोमीटर पंचवीस मिनिटांत, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर. हा वेग खुल्या हवेत रुळांवरून धावणाऱ्या जपानी आणि फ्रेंच गाड्यांना अनेक वर्षांपासून साध्य आहे. निर्वात नळीचा लाभ ज्या वेगाला जाणवतो तो वेग एवढ्या आखूड आणि डोंगराळ अंतरात घेता-सोडतानाच प्रवास संपतो. नळीचा बोजा मात्र संपूर्ण वाहावा लागतो. पर्यावरणाच्या दृष्टीने या योजनेतील सर्वांत अवघड गोष्ट मला हीच वाटते. जे साधन पाचशे किंवा हजार किलोमीटरच्या सपाट अंतरासाठी कदाचित समर्थनीय ठरेल, ते घाटातल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरसाठी निवडले गेले.

त्या बोजाचे मोजमाप कसे करावे? कंपनीचे आराखडे तपशिलाने उपलब्ध नसल्यामुळे गृहीते घेऊनच चालावे लागेल, आणि ती मी उघड सांगतो. समजा, नेवाडातल्या नळीप्रमाणे ३.३ मीटर व्यासाची आणि वीस मिलिमीटर जाडीची पोलादी नळी, जाण्याची एक व येण्याची एक, अशी संपूर्ण मार्गावर टाकली. केवळ नळ्यांचेच पोलाद पावणेचार ते चार लाख टन भरते. झोतभट्टीतल्या एक टन पोलादामागे साधारण दोन टन कर्बवायू वातावरणात जातो हे लक्षात घेतले, तर गाडी एक मीटरही हलण्यापूर्वी साडेसात-आठ लाख टनांचे ऋण पर्यावरणाच्या खाती नोंदले जाते. नळ्या पेलणाऱ्या खांबांसाठी, तुळयांसाठी आणि पायांसाठी किलोमीटरला दहा-पंधरा हजार घनमीटर काँक्रीट धरले, आणि प्रत्येक घनमीटरमागे सुमारे तीनशे किलो कर्बवायू मोजला, तर आणखी चार-पाच लाख टन. बोगदे निराळे. नळी उन्हाने वाढते आणि थंडीने आकसते, ही बाबही सोडण्यासारखी नाही: तापमानात तीस अंशांचा फरक पडला की इतक्या लांबीच्या पोलादात एकूण सुमारे चाळीस मीटरचा फरक पडतो, आणि हा फरक सोसूनही निर्वातता टिकवायची म्हणजे सांधे, झडपा आणि अहोरात्र चालणारे पंप आले.

हे ऋण फिटणार कशाने? प्रवाशांनी मोटारी सोडून या कुपीत बसल्याने. कंपनीने वर्षाला पंधरा कोटी प्रवासांचे भाकीत केले होते. पंधरा कोटी म्हणजे रोज चार लाखांहून अधिक प्रवासी. आणि कंपनीच्याच नंतरच्या आराखड्यातील कुपी अठ्ठावीस माणसांची. दिवसातले अठरा तास वाहतूक चालली असे धरले, तर प्रत्येक दिशेला दर नऊ सेकंदांना एक भरलेली कुपी सुटावयास हवी. इतक्या दाटीने चालणाऱ्या निर्वात वाहतुकीचा अनुभव जगात कोणासही नाही. कुपी रिकाम्या धावल्या, अथवा त्यांत बसणारा मनुष्य असा निघाला की जो एरवी पुण्याहून मुंबईस गेलाच नसता, तर बचतीचा रकाना कोराच राहतो, आणि खर्चाचा रकाना तर पहिल्याच दिवशी भरलेला असतो.

आता विजेविषयी. विजेवर चालणारे वाहन धूर सोडत नाही, हे विधान खरे असूनही अपुरे आहे, आणि त्याचे उदाहरण याच मार्गावर आपल्या पूर्वजांच्या हयातीत घडले आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ विजेच्या इंजिनासह पुण्याकडे धावू लागली आणि खंडाळ्याच्या बोगद्यांतला कोंडलेला धूर नाहीसा झाला. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने या विद्युतीकरणासाठी ठाकुर्लीला, चोळे येथे, आपले स्वतःचे वीजघर उभारले होते आणि ते कोळशावर चालत असे. धूर घाटातून उल्हास नदीच्या काठी गेला, इतकेच. आजही देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते. महाराष्ट्रात चंद्रपूर आणि कोराडी यांची धुराडी त्याची साक्ष देतात. तेव्हा वाकडला स्वच्छ दिसणाऱ्या गाडीची राख विदर्भात पडणार असेल, तर ती राखही त्याच गाडीच्या ताळेबंदात धरली पाहिजे. नळीच्या पाठीवर सौरपत्रे बसविण्याची कल्पना हायपरलूपच्या पुरस्कर्त्यांकडून मांडली जाते. ती चांगली आहे, पण सौरपत्रे कारखान्याच्या छपरावरही बसतात, त्यासाठी नळीची गरज नसते.

जी वीज कोळशाची नाही तिचीही कहाणी या मुलखाला ठाऊक आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युतगृह १९१५ साली सुरू झाले. इंद्रायणीच्या उगमाकडचे वळवण-लोणावळ्याचे पाणी, आणि पुढे आंद्रा नदीवरील ठोकळवाडीचे पाणी, पूर्वेकडे वाहण्याचे सोडून बोगद्यांतून कोकणात उतरू लागले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपण आज आदराने स्मरतो. धरण मात्र झाले, आणि भिऱ्याचे वीजघर १९२७ साली चालू झाले. निसर्गाचे हित साधण्याच्या नावाने अथवा उद्योगाच्या नावाने जमीन मागण्यास आलेल्या माणसाकडे मावळचा शेतकरी साशंक नजरेने पाहतो, त्यामागे शंभर वर्षांचे दप्तर आहे. त्या दप्तरातले अलीकडचे पान ९ ऑगस्ट २०११ चे: पवना धरणापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर कित्येक वर्षे ती योजना थांबून राहिली.

न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खांबांवरून जाणाऱ्या मार्गाला द्रुतगती महामार्गाइतकी रुंद जमीन लागत नाही, आणि महामार्ग जसा शिवाराचे दोन तुकडे करून माणसांना व जनावरांना वळसा घालावयास लावतो तसे खांबांवरचा मार्ग करीत नाही. ध्वनीचाही त्रास नळीत कोंडलेल्या वाहनाचा कमीच. उघड्यावर धावणाऱ्या चुंबकगाडीचा गोंगाट मात्र हवेच्या फाटण्यामुळे वेगाबरोबर झपाट्याने वाढतो; चाके नाहीत म्हणून ती निःशब्द असेल अशी समजूत करून घेऊ नये.

जमिनीच्या रुंदीपेक्षा मोठा प्रश्न मार्गाच्या सरळपणाचा आहे. बोरघाटाच्या जुन्या रेल्वेने साडेपाचशे मीटरची चढण डोंगराच्या कलाकलाने, वळणे घेत, सदतीस फुटांत एक फूट इतक्या चढाने आणि पंचवीस बोगद्यांतून काढली. अतिवेगवान मार्गाला अशी नम्रता परवडत नाही. टोकियोहून नागोयाकडे जाणाऱ्या जपानी चुंबकमार्गाचे वळण आठ किलोमीटर त्रिज्येहून लहान ठेवता येत नाही, आणि त्यामुळे २८६ किलोमीटरच्या त्या मार्गाचा सुमारे ८६ टक्के भाग बोगद्यांत गेला आहे. म्हणजे चुंबकमार्गाचा पर्यावरणावरील परिणाम मुख्यतः भूमिगत असतो, आणि तो पाहावयाचा तर पाण्याकडे पाहावे लागते.

जपानचे उदाहरण याबाबतीत इतके बोधप्रद आहे की त्याजवळ थोडे थांबणे इष्ट होईल. त्या मार्गाचा दक्षिण आल्प्स पर्वतातील पंचवीस किलोमीटरचा बोगदा शिझुओका प्रांतातील ओई नदीच्या उगमक्षेत्राखालून जातो. बोगद्यात झिरपणाऱ्या पाण्यामुळे नदीचा प्रवाह सेकंदाला दोन घनमीटरपर्यंत घटू शकेल, असा अंदाज खुद्द रेल्वे कंपनीने २०१३ साली वर्तविला. ओई नदीच्या खोऱ्यात चहाचे मळे आहेत, कारखाने आहेत, लाखो लोकांचे पिण्याचे पाणी आहे. आणि त्या प्रांतात या गाडीचे एकही स्थानक नाही. राज्यपाल हेइता कावाकात्सू यांनी बोगद्याला संमती नाकारली, वर्षानुवर्षे वाद चालला, आणि २०२४ साली कंपनीने २०२७ चे उद्घाटन शक्य नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी गिफू प्रांतातील मिझुनामी येथे बोगद्याच्या परिसरातील विहिरींची पातळी खालावली आणि तेथील खोदकाम थांबवावे लागले. जगातील अत्यंत सावध अभियंत्यांच्या देशात हे घडले.

आपला सह्याद्री दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. हा बेसॉल्ट एकसंध दिसला तरी लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे. दोन थरांमधील लालसर माती, सच्छिद्र पट्टे, भेगा आणि उभ्या भित्ती यांतूनच पावसाळ्याचे पाणी साठते आणि पुढे महिनोन्महिने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. अशा खडकात पाणी कोठे आहे हे वरून कळत नाही. लोणावळ्याच्या आसपास वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तरीही डोंगरावरच्या वाड्या एप्रिल-मेमध्ये एखाद्या झऱ्यावर दिवस काढतात. एखादा बोगदा अशा झऱ्याची मुळी तोडून गेला, तर पाऊस तितकाच पडूनही वाडी कोरडी होते, आणि हे नुकसान कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही. बोगद्यातून निघणाऱ्या दगडाचाही प्रश्न लहान नव्हे. दहा मीटर व्यासाच्या एका किलोमीटर बोगद्यातून सुमारे ७८ हजार घनमीटर खडक निघतो. फोडल्यावर तो दीडपट फुगतो. म्हणजे डंपरच्या दहा हजार खेपा. हा राडारोडा ओढ्याकाठी टाकला गेला तर पहिल्याच मृगात तो नदीत उतरतो. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आपल्याकडे थट्टेने वापरतात; येथे उंदीर निघो न निघो, पोखरलेला डोंगर ठेवायचा कोठे हा प्रश्न उरतोच.

गहुंजे-उर्से या चाचणीमार्गाच्या जागेकडे याच दृष्टीने पाहावे. हा पट्टा पवनेच्या खोऱ्यातला आहे. पिंपरी-चिंचवड शहर आपले पिण्याचे पाणी गहुंज्याच्या खाली थोड्याच अंतरावर, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलते. पवना आणि इंद्रायणी या नद्या सांडपाण्याने व कारखान्यांच्या घाणीने आधीच इतक्या पीडित आहेत की आळंदीच्या घाटावर इंद्रायणीचा फेस ही आता बातमीही राहिली नाही. शहराच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगास मोठे बांधकाम करायचे तर त्याच्या गाळाचा, रसायनांचा आणि पूररेषेचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर असावयास हवा होता. हीच जमीन भाताचीही आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला ‘इंद्रायणी’ तांदूळ याच ओलीवर पोसला जातो.

आणि हे सर्व सोसून या औद्योगिक पट्ट्याला मिळणार काय होते? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को आणि बजाज आले, आणि शेतावरच्या वस्त्यांचे १९८२ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे उद्योगांचा ओघ चाकणकडे वळला: बजाजपाठोपाठ फोक्सवॅगन, मर्सिडीझ, महिंद्र, आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांची रांग. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे जो चाकणचा कोट लढविला, त्याच्या परिसरातून आज रात्रंदिवस कंटेनरांचे काफिले जातात. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणि नाशिक महामार्गावर तासन्‌तास खोळंबणारी ही अवजड वाहने, नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, आणि पाळी संपल्यावर कामगारांना घेऊन निघालेल्या बसगाड्या व दुचाक्या, यांतून या भागाची हवा बिघडते. हायपरलूप यांतले एकही वाहन कमी करणार नव्हते. त्याचा मार्ग वाकडहून सुटून पश्चिमेस निघून जातो; चाकणचा फिटर अथवा भोसरीचा टर्नर रोज वांद्रे-कुर्ला संकुलात जात नाही. ज्याचा श्वास कोंडतो त्याला दिलासा नाही, आणि ज्याला दिलासा त्याची गाडी वातानुकूलित, असा हा व्यवहार झाला असता.

चाकणला जोडणाऱ्या एका दुसऱ्या योजनेचा इतिहास येथे उपयोगी पडतो. पुणे-नाशिक अर्ध-अतिजलद रेल्वे, सुमारे २३५ किलोमीटरची, आळंदी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव या मार्गे जाणार होती, आणि तिचा माल व माणूस दोन्ही वाहण्याचा बेत होता. तिला अडथळा आला तो जंगलाचा किंवा नदीचा नव्हे. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे; गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेच्या तारेला घासत जाणाऱ्या गाडीच्या ठिणग्या याच लहरींच्या पट्ट्यात कोलाहल माजवितात, म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, आणि तो मार्ग बदलण्याचे केंद्रीय रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केले. रेडिओ-शांतता हीदेखील निसर्गसंपत्ती आहे आणि ती जमिनीवरूनही भंगते, हे या प्रकरणाने सर्वसामान्य माणसास कळले. चुंबकगाडीला घासणारी तार नसली तरी तिचे शक्तिनियंत्रक विद्युतप्रवाहाची क्षणाक्षणाला चिरफाड करीतच असतात. म्हणून तसल्या मार्गाचाही या दृष्टीने तपास आवश्यक ठरेल.

दुर्बिणीसाठी मार्ग बदलला गेला याचा मला आनंद आहे. झऱ्यासाठी तो बदलला गेला असता का, याची मात्र शाश्वती वाटत नाही. कारण दुर्बिणीच्या बाजूने बोलणारे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्याकडे मोजमापे होती, तर झऱ्याची मोजमापे कोणी ठेवलेलीच नसतात. कायद्याची रचनाही येथे तोकडी पडते. २००६ सालच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी आणि जनसुनावणी सक्तीची आहे, त्यांच्या यादीत महामार्ग आहेत, विमानतळ आहेत, खाणी आहेत, रेल्वेमार्ग नाहीत. वनजमीन, खारफुटी किंवा अभयारण्य आडवे आले तर त्या-त्या कायद्याची परवानगी लागते, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी खारफुटी तोडण्याचा प्रश्न म्हणूनच उच्च न्यायालयापुढे गेला, व २०२२ साली न्यायालयाने परवानगी दिली. पण साध्या शेतजमिनीखालच्या पाण्याची, गावाच्या विहिरीची आणि डोंगरउतारावरील राडारोड्याची सुनावणी कोणापुढे व्हावी, याचे उत्तर त्या यादीत नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा तर २०१४ पासून पुनःपुन्हा प्रसिद्ध होत आहे.

माझे मत विचाराल तर ते स्पष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या अंतरासाठी निर्वात नळीतला चुंबकमार्ग हा पर्यावरणाच्या हिशेबात तोट्याचा सौदा होता. पुणे-लोणावळा उपनगरी गाडी १९७८ पासून विजेवर धावते आहे; त्याच पट्ट्यातील तिसरा व चौथा रेल्वेमार्ग, आणि चाकणच्या मालाला रुळांपर्यंत नेणारा एक फाटा, यांनी जितका धूर वाचेल तितका वाकडच्या कुपीने कधीच वाचला नसता; आणि त्यासाठी चार लाख टन पोलादाची नळीही लागत नाही.

तरीही नवी योजना येईल, कदाचित नव्या नावाने येईल, आणि तिच्या स्वागतासाठी कमानीही उभ्या राहतील. तेव्हा गहुंजे, उर्से, बऊर, कामशेत येथील ग्रामपंचायतींनी मोजणीदाराला शिवारात पाऊल टाकू देण्यापूर्वी तीन कागद मागावेत: पोलाद, काँक्रीट आणि वीज यांचा कर्बहिशेब, मार्गाच्या दोन्ही अंगांच्या विहिरी व झऱ्यांची निदान तीन पावसाळ्यांची नोंद, आणि राडारोडा टाकण्याच्या जागांचा गट नंबरांसह नकाशा. हे कागद मराठीत असावेत, आणि ग्रामसभेत वाचून दाखविल्याखेरीज कोणीही संमतीची सही करू नये.